अमेरिकन कॉलेज कॉन्फरन्सचा विस्तार : नवे सभासद विद्यापीठ कसे पारखावे

भारतात आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांसाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत, आणि मुंबई किंवा पुणे विद्यापीठाने पश्चिम विभागात खेळायचे की नाही, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथे विद्यापीठे आपापल्या मर्जीने ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संघटनेचे सभासद होतात, आपसांतले वेळापत्रक ठरवतात, सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. त्यामुळे नवा सभासद घेण्याचा निर्णय खेळापुरता राहत नाही. त्यात पैसा, भूगोल, राज्याचे राजकारण आणि विद्यापीठाची प्रतिष्ठा हे सारे ओढले जाते. १८९६ साली स्थापन झालेल्या ‘बिग टेन’मध्ये आज १८ विद्यापीठे आहेत आणि ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ म्हणजे एसीसीमध्ये दोन विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्यावरची आहेत, तेव्हा नावावरून काही अंदाज बांधण्याचे दिवस केव्हाच गेले आहेत.

कॉन्फरन्सने विस्तार करताना उमेदवारांची छाननी कोणत्या क्रमाने करावी, हे इथे मांडले आहे. सर्वांत वरची कसोटी मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सारी चर्चा तिच्याभोवती फिरते : आज हाती असलेला प्रक्षेपण करार उद्या संपला, तरी हे विद्यापीठ आपल्यात असावे असे जुन्या सभासदांना वाटेल का? ज्या उमेदवाराच्या बाबतीत याचे उत्तर ‘नाही’ असेल, त्याच्यासाठी कागदावर कितीही चांगले आकडे दिसत असले तरी फार घाई करू नये.

विस्तार कशासाठी, हे आधी लिहून काढावे

उमेदवारांची यादी करण्यापूर्वी विस्ताराचे कारण एका वाक्यात लिहावे आणि ते सर्व सभासदांकडून मान्य करून घ्यावे. हे वाटते तितके सोपे नसते, कारण एकाच बैठकीत कोणाला पैसा हवा असतो, कोणाला दुसऱ्या राज्यात खेळाडू शोधायला वाट हवी असते, तर कोणाला केवळ शेजारची कॉन्फरन्स आपल्याला पोखरेल याची धास्ती असते.

सर्वांत स्पष्ट कारण म्हणजे नियमाची गरज. कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संघटना असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार फुटबॉलच्या वरच्या स्तरावरील (इथे सर्वत्र अमेरिकन फुटबॉल अभिप्रेत आहे) कॉन्फरन्सकडे त्या खेळाचे किमान आठ पूर्ण सभासद असावे लागतात. २०२३च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्याकडच्या ‘पॅक-१२’ या कॉन्फरन्समधून एकामागोमाग एक सभासद बाहेर पडले आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न ‘विस्तार करावा का’ असा नव्हताच, तर २०२६पर्यंत आठाचा आकडा कसा गाठायचा असा होता. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि पाठोपाठ यूटा स्टेट यांना घेतले. नंतर आलेल्या गोंझागाकडे फुटबॉलचा संघच नाही, म्हणून आठवी जागा रिकामी राहिली आणि ती जून २०२५मध्ये टेक्सास स्टेटने भरली. संख्या भरणे हेच कारण असेल, तर शेवटच्या जागेसाठी आपली बाजू पडती असते हे मान्य करूनच बोलणी करावीत.

काही कारणे कालबाह्य होतात, तरी सवयीने पुढे केली जातात. १९९२मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना या विद्यापीठांना घेऊन सभासदसंख्या बारावर नेली आणि दोन गट पाडून अजिंक्यपदाचा स्वतंत्र सामना सुरू केला. त्या काळी अशा सामन्यासाठी बारा सभासद आणि दोन गट आवश्यकच होते, त्यामुळे पुढे अनेकांनी बाराचा आकडा गाठण्यासाठी धडपड केली. ती अट आता उरलेली नाही. ‘आकडा सम हवा’, ‘सोळा झाले म्हणजे बरे’ अशी विधाने बैठकीत ऐकू आली, तर त्यामागे आजचा कोणता नियम आहे, हे विचारावे.

विस्तार न करणे हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत पडते. जुलै २०२१मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी ‘बिग १२’ ही कॉन्फरन्स सोडून एसईसीकडे जाण्याचे जाहीर केले, तेव्हा बिग १२ खिळखिळी झाली होती. त्याच ऑगस्टमध्ये पॅक-१२ने आपण विस्तार करणार नसल्याचे जाहीर केले. बिग १२ने सप्टेंबरमध्येच बीवाययू (मॉर्मन चर्चचे ब्रिगम यंग विद्यापीठ), सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना निमंत्रण दिले, आणि दोन वर्षांनी चित्र उलटे झाले : कोलोरॅडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा ही पॅक-१२चीच विद्यापीठे बिग १२कडे वळली. पॅक-१२च्या पडझडीला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांचे बिग टेनकडे जाणे अधिक कारणीभूत होते हे खरे. पण समोरची कॉन्फरन्स दुबळी असताना गप्प बसण्याची संधी नेहमी फुकट मिळते, असे समजू नये.

वाट्याचे गणित

यानंतर गणिताला बसावे, आणि ते साधे ठेवावे. समजा, एखाद्या कॉन्फरन्सचे दहा सभासद आहेत आणि प्रक्षेपणातून वर्षाला २० कोटी डॉलर येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २ कोटी येतात. दोन नवे सभासद घेतल्यावर एकूण रक्कम २३ कोटी झाली, तर बातमीत ‘तीन कोटींची वाढ’ असे छापून येईल. प्रत्यक्षात प्रत्येकाचा वाटा सुमारे १ कोटी ९२ लाखांवर उतरलेला असेल. वाढीव प्रवासखर्च अजून धरलेलाच नाही. नव्या सभासदाने जुन्यांच्या वाट्याइतके तरी आणले पाहिजे. त्याहून कमी आणणाऱ्याला घ्यायचे असेल, तर तूट कोणत्या दुसऱ्या लाभाने भरून निघणार, हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे.

वाहिनीशी केलेल्या करारात नव्या सभासदामागे त्याच प्रमाणात रक्कम वाढवून देण्याची तरतूद आहे का, आणि ती कोणत्या दर्जाच्या सभासदाला लागू होते, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. काही करारांत ही वाढ मोठ्या कॉन्फरन्समधून आलेल्या विद्यापीठांपुरतीच असते. तशी तरतूद असेल, तर वाट्याची चिंता करार संपेपर्यंत मिटते. पण फक्त करार संपेपर्यंतच.

नव्या सभासदाला पूर्ण वाटा पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो असे नाही, आणि अलीकडचे काही विस्तार याच मार्गाने शक्य झाले आहेत. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये जुन्या सभासदांपेक्षा बऱ्याच कमी वाट्यावर प्रवेश घेतला. कॅलिफोर्निया (बर्कली) आणि स्टॅनफर्ड यांनी एसीसीत पहिली सात वर्षे साधारण ३० टक्के वाटा मान्य केला. त्याही पुढे डॅलसचे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ गेले. तिथे प्रक्षेपण हक्कांच्या पैशांतला वाटा नऊ वर्षे घेणार नाही, असे त्यांनी मान्य केले.

हे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एनसीएएने नियमभंगाबद्दल या विद्यापीठाचा १९८७चा फुटबॉल हंगामच रद्द केला होता. १९९६मध्ये त्यांची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स विसर्जित झाली आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये परत येण्यासाठी त्यांना २०२४ उजाडावे लागले. मधल्या काळात हे विद्यापीठ तीन वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये खेळले. इतकी वर्षे दाराबाहेर राहिलेला आणि श्रीमंत दात्यांचा आधार असलेला उमेदवार काय द्यायला तयार होईल, हे ओळखणे म्हणजेच बोलणी जाणणे. एसीसीला त्यांनी सोडलेल्या पैशांतून जुन्या सभासदांसाठी रक्कम उभी करता आली, आणि पहिल्याच हंगामात हा संघ एसीसीच्या अंतिम सामन्यात खेळून राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवणाऱ्या कॉलेज फुटबॉल प्लेऑफमध्ये पोहोचला. मात्र अशा सवलतीवर आलेल्या सभासदाचा वाटा एक दिवस पूर्ण करावाच लागतो, म्हणून सवलतीचे शेवटचे वर्ष आणि चालू कराराचे शेवटचे वर्ष शेजारी शेजारी लिहून पाहावे.

शहराची लोकसंख्या नव्हे, सामना पाहणारी माणसे मोजावीत

२००७मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. केबलच्या त्या काळात एखाद्या राज्यात आपला सभासद असला, की तिथल्या प्रत्येक जोडणीमागे अधिक दर मागता येत असे, मग त्या घरात कोणी फुटबॉल पाहो वा न पाहो. २०१४मध्ये रटगर्स आणि मेरीलँड यांना घेण्यामागे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन-बाल्टिमोर या बाजारपेठांचा हिशेब होता. त्या वेळी तो हिशेब बरोबर होता, त्याला हसण्याचे कारण नाही. पण लोक केबलची जोडणी तोडू लागल्यावर ‘मोठ्या शहरालगतचे विद्यापीठ’ या गुणाची किंमत घसरली आणि ‘लोक मुद्दाम लावून पाहतात तो संघ’ या गुणाची वाढली.

म्हणून उमेदवाराच्या सामन्यांची गेल्या किमान पाच हंगामांतली प्रेक्षकसंख्या मागवावी, आणि तिच्यातून दोन गोष्टी वजा कराव्यात. पहिली म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे सामने, कारण तिथले प्रेक्षक बहुधा प्रतिस्पर्ध्याचे असतात. दुसरी म्हणजे दुसरा मोठा सामना चालू नसलेल्या वेळी दाखवलेले सामने. उरलेला आकडा त्या संघाचा स्वतःचा. बॉइझी हे अमेरिकेच्या मानाने लहान शहर, पण १ जानेवारी २००७ रोजी फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवल्यापासून निळ्या मैदानावर खेळणारा हा संघ देशभर ओळखला जातो, आणि २०२४च्या हंगामात तो बारा संघांच्या प्लेऑफमध्ये तिसऱ्या मानांकनाने उतरला. उलट, लाखो वस्तीच्या महानगरात असूनही तिथल्या व्यावसायिक संघांच्या सावलीत दबलेली विद्यापीठे अनेक आहेत.

गेल्या दोन हंगामांतल्या विजयांना फार भाव देऊ नये. चांगला प्रशिक्षक दुसरीकडे गेला आणि खेळाडूंनी सहज बदली घेतली, की संघ वर्षभरात ओळखू येईनासा होतो. जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, आणि २०२५-२६साठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. उमेदवार ही रक्कम दरवर्षी उभी करू शकतो का, आणि ती दात्यांकडून येणार की विद्यार्थ्यांच्या शुल्कातून, हा प्रश्न आता चषकांच्या कपाटापेक्षा अधिक बोलका आहे.

वेळापत्रक हातात घेऊन नकाशा पाहावा

भूगोलाची चर्चा बहुतेक वेळा फुटबॉलपुरतीच होते आणि तिथेच चूक होते. फुटबॉलचा संघ हंगामात बारा सामने खेळतो, त्यांतले निम्मे साधारण घरच्या मैदानावर, तेही बहुधा शनिवारी. त्यामुळे खास विमानाने चार-पाच लांबचे प्रवास त्याला झेपतात. प्रश्न येतो तो व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल यांचा, कारण त्यांचे सामने आठवड्याच्या मध्येही होतात.

लॉस एंजेलिसचा संघ न्यू जर्सीत संध्याकाळी सात वाजता खेळतो असे धरा. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. सामना साडेनऊला संपला, खेळाडू साडेअकराला विमानात बसले, तर पश्चिमेकडच्या सहा तासांच्या प्रवासानंतर ते लॉस एंजेलिसच्या वेळेनुसार रात्री अडीच वाजता उतरतात आणि सकाळी नऊला त्यांचा वर्ग असतो. नियमित प्रवासी विमानाने जायचे असेल, तर एक रात्र आणि एक दिवस आणखी जातो. उमेदवाराच्या प्रत्येक संघासाठी असे एक नमुना-वर्ष आखून पाहावे, आणि ते क्रीडाविभागाच्या प्रमुखाने नव्हे, तर प्रत्यक्ष प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने आखावे. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतली मुले टेनिस, पोहणे किंवा गोल्फ खेळून कॉलेजात जाण्याचे पाहतात, त्यांनीही विद्यापीठ निवडताना हेच वेळापत्रक मागून घ्यावे. ते कॉन्फरन्सच्या नावापेक्षा जास्त सांगते.

अंतराने मोडलेल्या विस्ताराचे ठळक उदाहरण म्हणजे वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स. १९९६मध्ये तिने सहा विद्यापीठे एकदम घेऊन सभासदसंख्या सोळावर नेली. हवाईपासून टेक्सास-ओक्लाहोमापर्यंत पसरलेल्या या सोळांचे चार-चारांचे गट पाडले आणि ते फिरते ठेवले. परिणाम असा, की जुन्या शेजाऱ्यांची दरवर्षीची गाठभेट सुटू लागली, खर्च वाढला आणि उत्पन्न मात्र त्या मानाने वाढले नाही. १९९८च्या वसंतात पाच विद्यापीठांचे अध्यक्ष डेन्व्हरच्या विमानतळावर भेटले आणि आठ विद्यापीठांनी बाहेर पडून ‘माउंटन वेस्ट’ ही नवी कॉन्फरन्स काढण्याचे ठरले. ती १९९९मध्ये सुरू झाली. फुटून गेलेले बहुतेक सारे जुने सभासद होते, ही यातली ध्यानात घेण्याची बाब. विस्ताराचा ताण नव्यांवर नव्हे, तर जुन्यांवर येतो, आणि सोडून जाण्याची ताकदही त्यांच्याकडेच असते.

याच्या उलट वाट ‘सन बेल्ट’ने धरली. २०२२मध्ये तिने मार्शल, ओल्ड डोमिनियन, सदर्न मिसिसिपी आणि जेम्स मॅडिसन ही चार विद्यापीठे घेतली. यांतले कोणीही मोठ्या महानगराचे प्रेक्षक घेऊन आले नव्हते, पण पूर्व आणि पश्चिम असे दोन आटोपशीर गट तयार झाले, पाहुण्या संघाचे समर्थक मोटारीने येऊ लागले आणि मार्शल व ॲपलाचियन स्टेट यांच्यासारखी जुनी चुरस पुन्हा दरवर्षीची झाली. मधल्या आणि लहान कॉन्फरन्ससाठी मला हाच नमुना अनुकरणीय वाटतो, कारण प्रक्षेपणाचा पैसा त्यांच्याकडे कधीच इतका येत नाही, की तिकीटविक्री गमावून चालेल.

जुन्या वैराचे मोल आकड्यांत मांडता येत नाही, म्हणून ते शून्य धरू नये. २०१२मध्ये टेक्सास ए अँड एम एसईसीत गेले आणि टेक्सासबरोबरचा त्यांचा वार्षिक सामना थांबला. तो परत सुरू व्हायला टेक्सासही एसईसीत येईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२४पर्यंत वाट पाहावी लागली. उमेदवार येताना कोणता सामना सोबत आणतो आणि कोणता मागे टाकतो, हे दोन्ही नोंदवावे.

सगळ्याच खेळांत सगळे हवेत असे नाही

पूर्ण सभासदत्व परवडत नसेल, तर एका खेळापुरते सभासदत्व हा चांगला पर्याय आहे. जॉन्स हॉपकिन्स बिग टेनमध्ये केवळ लॅक्रॉससाठी (जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ) आहे, नोत्र दाम त्याच कॉन्फरन्समध्ये केवळ आइस हॉकीसाठी. नोत्र दामचे बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत आहेत, आणि फुटबॉलमध्ये ते स्वतंत्र राहून दरवर्षी साधारण पाच सामने एसीसीच्या संघांशी खेळतात.

फुटबॉल नसलेले विद्यापीठही पूर्ण किमतीचे ठरू शकते. एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेत सभासद जितके सामने खेळतात, त्या हिशेबाने कॉन्फरन्सला सहा वर्षे पैसे मिळत राहतात. १९९९पासून प्रत्येक स्पर्धेत पात्र ठरलेले आणि दोनदा अंतिम सामन्यात पोहोचलेले गोंझागा पॅक-१२ला हवे होते ते यामुळेच. मात्र फुटबॉलवाले आणि बास्केटबॉलवाले यांचे हितसंबंध एका छताखाली किती काळ नांदतील, याचा विचार हवा. जुन्या ‘बिग ईस्ट’मध्ये ते नांदले नाहीत. फुटबॉलसाठी तिने २०१०मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमधील टीसीयूला निमंत्रण दिले, टीसीयूने ते स्वीकारले आणि एकही सामना न खेळता वर्षभरात बिग १२चा रस्ता धरला. अखेर २०१३मध्ये बास्केटबॉलप्रधान सात कॅथलिक विद्यापीठे ‘बिग ईस्ट’ हे नाव घेऊन वेगळी झाली.

विद्यापीठांचा आपसांतला मेळ आणि राज्याचा दबाव

मत देतात ते प्रशिक्षक नव्हेत, विद्यापीठांचे अध्यक्ष देतात, आणि संशोधनातला दर्जा हा विषय त्यांच्या डोक्यात असतोच. बिग टेनसारखी कॉन्फरन्स याला जास्त वजन देते. लहान कॉन्फरन्सनी या बाबतीत सरकारी-खासगी, धार्मिक-निधर्मी, निवासी-महानगरी असा ढोबळ मेळ पाहिला तरी पुरे. काही अटी लहान दिसतात, पण वेळापत्रकात खोल शिरतात : बीवाययूचे संघ रविवारी खेळत नाहीत, तेव्हा शनिवार-रविवारच्या जोडसामन्यांची मांडणी आधीच बदलून पाहावी.

सरकारी विद्यापीठांच्या बाबतीत विधिमंडळ आणि राज्यपाल यांना गृहीत धरू नये. २००३मध्ये एसीसीला मायामी, सिरॅक्यूस आणि बॉस्टन कॉलेज हवे होते. नऊपैकी सात मते लागत होती, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात होते, म्हणून व्हर्जिनिया विद्यापीठाचे मत निर्णायक ठरले. आणि राज्यपाल मार्क वॉर्नर यांच्या दबावामुळे त्या मताची किंमत ठरली ती व्हर्जिनिया टेकचा प्रवेश. सिरॅक्यूसला २०१३पर्यंत थांबावे लागले. गंमत म्हणजे फुटबॉलच्या दृष्टीने ही सक्तीची निवडच एसीसीला अधिक लाभली.

निमंत्रणापूर्वीची कागदपत्रे

शेवटी तारखा आणि दंड. उमेदवाराला सध्याची कॉन्फरन्स सोडण्यासाठी किती रक्कम आणि किती मुदतीची सूचना द्यावी लागते, त्याने आपले प्रक्षेपण हक्क कोणत्या वर्षापर्यंत लिहून दिले आहेत आणि आपण स्वतः त्या कॉन्फरन्सशी सभासद न पळवण्याचा काही करार केला आहे का, या तिन्ही गोष्टी निमंत्रणाचे पत्र तयार करण्यापूर्वी हाती असाव्यात. पॅक-१२ने माउंटन वेस्टबरोबर सामन्यांचा करार करताना तिचा पहिला सभासद घेतल्यास १ कोटी डॉलर आणि पुढच्या प्रत्येकामागे ५ लाखांनी वाढत जाणारी रक्कम मान्य केली होती. सप्टेंबर २०२४मध्ये घेतलेली पाचही विद्यापीठे माउंटन वेस्टचीच होती, त्यामुळे हिशेब साडेपाच कोटींवर गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले.

टेक्सास स्टेटच्या वेळी हीच तारखेची बाजू नीट सांभाळली गेली. १ जुलै २०२५पूर्वी सूचना दिल्यास सन बेल्ट सोडण्याचा खर्च ५० लाख डॉलर होता आणि त्यानंतर तो दुप्पट होणार होता. निमंत्रण, स्वीकार आणि घोषणा हे सारे ३० जूनपर्यंत उरकण्यात आले. मतदानाचीही मोजणी अशीच आधी करून ठेवावी. १ सप्टेंबर २०२३ रोजी एसीसीत पश्चिमेकडच्या तीन विद्यापीठांसाठी (बर्कली, स्टॅनफर्ड आणि सदर्न मेथडिस्ट) पंधरापैकी बारा मते हवी होती, चार सभासद विरोधात असल्याचे आधीपासून माहीत होते, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने आपले मत बदलल्यावरच प्रस्ताव पार झाला. जिथे एका मतावर निर्णय अडतो, तिथे विरोधात राहिलेल्यांची कारणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्यावीत : त्या चारांपैकी क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेट यांचे एसीसीशी न्यायालयीन वाद पुढच्या काही महिन्यांतच सुरू झाले, आणि मार्च २०२५मध्ये प्रेक्षकसंख्येनुसार पैसे वाटण्याची पद्धत मान्य झाल्यावरच ते मिटले.